वेलांटी आधी येते

मे महिन्यात पाचपावलीत दुपारी मशीन उघडायचं नाही
हा निमजेंचा पहिला नियम.
दुसरा: आधी कॉपी काढ, मग हात लाव.
तिसरा त्यांनी अजून सांगितलेला नाही.

रविवारी ऊन उतरलं की आम्ही बसतो
त्यांच्या मागच्या खोलीत. तिथे पूर्वी दोन माग होते,
आता तीन मॉनिटर, एक कूलर,
आणि कूलर लावला की टूं टूं रडणारा यूपीएस.
"काऊन बे, हँग होऊन राहिलं का?"
"नाही जी, विचार करून राहिलं."
हा विनोद दर रविवारी होतो. हसणंही दर रविवारी.

थूल मॅडम रेल्वेच्या हिशेबातून सुटल्या
आणि प्रिंटरच्या नादी लागल्या.
रुपेशकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध, फॉरमॅट मार,
म्हणून त्याच्या हाती माउस देत नाही आम्ही.

त्या दिवशी शेवंताबाई धकाते आल्या,
पेन ड्राइव्हला पातळाच्या काठाचा दोरा बांधून.
महालातल्या एका प्रेसमध्ये वीस वर्षं
दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका टाइप केल्या त्यांनी,
आणि पत्रिका संपल्यावर, दिवे जायच्या आत,
एक फाइल स्वतःची:
सासऱ्यांच्या तोंडचे मागाचे शब्द.

"बंद करून पुन्हा चालू केलं का?" रुपेशनं सवयीनं विचारलं.
"तेवीस वर्षं बंदच होतं, बाबू."

फाइल उघडली.
डॉलर, उलटा कंस, टोपी घातलेला ए,
स्वल्पविरामावर स्वल्पविराम.
तो फॉन्ट आता कुठे नाही. त्या सॉफ्टवेअरला
मशीनच्या पाठीला खोचायचं एक कुलूप होतं,
प्रेस विकली तेव्हा किलोच्या भावात गेलं.

निमजेंनी आधी कॉपी काढली.
मग एक वही घेतली, उभी रेघ मारली:
डावीकडे कचरा, उजवीकडे अक्षर.
हा टोपीवाला कोण? धरा, ध.
हा डॉलर? काना असेल, सारखा येऊन राहिला.
थूल मॅडम म्हणाल्या, टाळेबंद असाच जुळवतात.

घोडं अडलं ते पहिल्या वेलांटीपाशी.
जुन्या फॉन्टात ती आधी टाइप व्हायची,
अक्षर यायच्या आत येऊन बसायची,
जशी पंगतीत लवकर जाऊन
कुणी शेजारची जागा धरून ठेवतं.
आता अक्षर आधी, वेलांटी नंतर,
दिसते मात्र होती तिथेच.
रफाराचं उलटं. तो मागून यायचा
आणि उडी मारून डोक्यावर बसायचा.
रुपेशनं बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला,
प्रत्येक वेलांटीला एक घर मागे सरकवणारा.
त्या दिवसापासून त्याला माउस मिळतो.

रात्री साडेनऊला पडद्यावर उमटलं: धोटा.
मग कांडी. फणी. ताणा.
शेवंताबाई प्रत्येक शब्द मोठ्यानं वाचत होत्या,
जशी हजेरी घ्यावी,
आणि खोलीच्या फरशीवर, मागाचे खड्डे बुजवले तिथे,
सिमेंट जरा वेगळ्या रंगाचं होतं.

एकशे बेचाळीस शब्द परतले.
एका जागी नुसता चौकोन राहिला.
पुढे अर्थ शाबूत: माग न थांबवता
तुटला धागा जोडायची गाठ.
"काय म्हणत होते तिला?"
बाईंनी डोळे मिटले, ओठ दोनदा हलवले.
नाही आला.

मग पेन ड्राइव्हचा दोरा सोडला, दातानं तोडला,
दोन टोकं चिमटीत धरली, बोटं एकदाच फिरली,
बघेपर्यंत दोरा अखंड.
"पुन्हा एकदा, काकू," रुपेश म्हणाला, "हळू."
हळू त्यांना जमेना.

निमजे म्हणाले, चौकोनाच्या जागी प्रश्नचिन्ह टाकू.
"राहू द्या," बाई म्हणाल्या. "त्यात आहे ते."

सेव्ह केलं. दोन ठिकाणी.
कूलरचं पाणी संपलं होतं,
नुसता पंखा फिरत होता, गरम.