साडेचौदा मीटर

ती दुकानात आली तेव्हा खांद्यावर
कपडे वाळत घालायची दोरी होती,
आणि दोरीला जागोजाग चिमटे.

"हा जिन्याचा कठडा," गेर्त्रुदाबाई म्हणाली.
"इथं वळण. इथं पुन्हा वळण.
लाल चिमटा म्हणजे छतातलं भोक.
आणि ही गाठ,
हा एर्विनच्या पलंगासमोरचा टीव्ही."

काउंटरच्या कडेला मीटरच्या पितळी खुणा आहेत.
साडेतेरा भरली.
वर एक मीटर ढिलाईचा धरा, मी म्हटलं,
ताणून बसवलेली केबल आधी सॉकेट मोडते,
मग घरातलं बोलणं.

झाब्झेत निम्म्या माळ्यांवर कबुतरं.
एर्विन एकतीस वर्षं कोळशाखाली उतरला
आणि वर आल्यावर रोज आणखी वर चढला,
शिडीवरून थेट माळ्यावर.
फेब्रुवारीत खुब्याचं हाड मोडलं. शिडी संपली.
आता माळ्यावर कॅमेरा आहे, जुना कॉम्प्युटर आहे,
आणि खाली हा, छताकडे बघत.

मी पहिली केबल काढली:
निळं डोकं, दोन स्क्रू, जुनी, स्वस्त.
पंधरा मीटर सहज जाते.
कडा पुसट होतात, एका कबुतराची दोन दिसतात,
आणि आवाज ती नेत नाही.

"दोन दिसू देत," ती म्हणाली.
"आवाज नसेल तर नको.
चष्मा लावूनही त्याला पांढरं आणि राखी एवढंच कळतं,
पण घुमण्यावरून तो प्रत्येकाचं नाव सांगतो."

मग एचडीएमआय. मनगटाला जड, तांब्याची.
पण एवढ्या लांबीवर हिचा भरवसा नाही.
ही पुसट होत नाही.
चित्र असतं, किंवा नसतं.

यावर ती थोडा वेळ गप्प.
"मी खाणीच्या दिवेघरात होते, बावीस वर्षं.
खिळ्यावर बिल्ला परत आला म्हणजे माणूस वर आला.
मलाही मधलं काही माहीत नव्हतं."

तिसरी मी मागच्या फळीवरून काढली.
बारीक, आत काचेचा तंतू, किंमत तिप्पट.
एका टोकावर कॉम्प्युटरची खूण, एकावर टीव्हीची,
उलटी लावली तर नुसता काळोख.
तिनं दोन्ही टोकं दोन हातांत धरली.
"म्हणजे हिला वर-खाली कळतं," म्हणाली,
आणि रुमालाची गाठ सोडून
नोटा मोजायला लागली.
दोन कमी पडल्या. मी पडू दिल्या.

सोमवारी परत.
केबल बारीक, पण तिचं डोकं भोकात शिरत नव्हतं.
खोक्यावर लांबी लिहितात, जाडी लिहितात,
डोक्याची रुंदी कुणी लिहीत नाही.
मीही सांगितली नव्हती.

शनिवारी ड्रिल घेऊन गेलो.
"तुळई सोडून! तिरपं नको! थांब, कान दे!"
पलंगावरून एर्विन ओरडत होता,
सुरुंगाची भोकं पाडणाऱ्या माणसाचा आवाज.
त्याच्या गोधडीवर चुना पडला,
त्यानं झटकला नाही.

केबलचं डोकं त्याच्याच मोज्यात गुंडाळलं
आणि वरून सोडलं, वीतवीत.
खाली गेर्त्रुदाबाईनं झेललं.
लावलं. निळा पडदा. काळा पडदा.
मग गवत, फळी, आणि पाठमोरं काहीतरी पांढरं.

"हेल्गा," एर्विन म्हणाला.
पण पडद्यावरचं कबूतर अजून घुमलं नव्हतं.

मी वर पाहिलं.
भोक थोडं मोठंच पडलं होतं.
माळ्यावरचं घुमणं त्यातून सरळ खाली येत होतं,
आणि अर्ध्या सेकंदानं,
कॅमेरा, कॉम्प्युटर, साडेचौदा मीटर काच पार करून,
तेच घुमणं टीव्हीतून.

"भोक बुजवून देऊ?" मी विचारलं.

दोघं एकदमच नाही म्हणाले.
दोरी तिनं दारातच मागून घेतली,
चिमटे काढले नाहीत.