आधी कोणाला विचारायचं

सोहारच्या बंदरात, रात्रपाळीत,
माझ्यासमोर दोनशे बारा माणसं
नुसती हो किंवा नाही होऊन उभी आहेत.
हो म्हणजे रात्र, नाही म्हणजे दिवस.
रमजानचा दुसरा आठवडा.
सहा वाजता पाळीपत्रक कॅन्टीनच्या दाराला लागलं पाहिजे.

अटी आल्यात तीन-तीन तोंडांच्या.
मुरुगप्पन रात्री, किंवा झुबैर रात्री, किंवा तिसरी क्रेन बंद.
थापा दिवसा, किंवा त्याचा मेहुणा दिवसा,
किंवा गेटवरचा बलराम रात्री.
एकेका अटीच्या पोटात किंवा आहे,
सैल, मऊ, कुठूनही वाट देणारं.
पण अट आणि अट यांच्यामध्ये
आणि, आणि, आणि,
नांगराच्या साखळीसारखं.
एक कडी तुटली की जहाज गेलंच.

मी, म्हणजे मी लिहिलेला प्रोग्राम,
एकाला धरून म्हणतो: समज, तू हो.
लगेच चौघं आपोआप नाही होतात,
त्यांच्यापायी सात जण हो,
सरसर, सरसर,
आणि अडतिसाव्या माणसापाशी कळतं
की बलराम रात्रीही हवाय आणि दिवसाही.
मागे फिर. पूस सगळं.
समज, तू नाही.

कॉलेजात कुलथे सर सांगायचे,
विचारायचा क्रम जमला तर झाड गुडघ्याएवढं,
चुकला तर वड, पारंबीला पारंबी.
मग बरोबर क्रम कोणता, सर?
त्यांनी खडू खाली ठेवला होता.
"तेच तर. सगळ्यात चांगला पहिला प्रश्न कुठला,
हे ठरवणं अख्खं गणित सोडवण्याइतकंच अवघड.
निदान तेवढं तरी. जास्तही असेल."
वर्ग हसला. मी खाली दोन रेघा मारल्या.
किल्ली पेटीत, आणि कुलूप पेटीला.

म्हणून मग गावठी युक्त्या, बऱ्याचदा चालणाऱ्या:
ज्याच्यावरून आत्ता भांडण झालं त्याला आधी विचार.
जुनी भांडणं हळूहळू विसर.
जिथे आपटलीस तिथली एक ओळ लिहून ठेव,
म्हणजे त्याच दगडावर पुन्हा नाही
(दुसऱ्यावर खुशाल).
साडेतीनपर्यंत अशा नऊशे ओळी झाल्या,
कसं जमत नाही याच्या.

तेवढ्यात खलफान आला, क्रेनचा इलेक्ट्रिशियन,
डोळ्यांत झोप, हातात रिकामा डबा.
"कोणाला विचारतेयस?"
तिसऱ्या क्रेनला. सगळे तिच्यावरूनच भांडतात.
"आचाऱ्याला विचार ना."

आचाऱ्याला!
हसनकुट्टी दोनच अटींत आहे, त्याही कोपऱ्यातल्या.
त्याच्यावरून कधी कोणाचं वाजलेलं नाही.
तरी विचारलं. समज, हसनकुट्टी रात्री.

मग मदतनीस दिवसा,
म्हणून कोठीवरचा प्रधान रात्री,
म्हणून बर्फाचा ट्रक, म्हणून बलराम, म्हणून थापा,
म्हणून झुबैर, बिचारा झुबैर, दुपारच्या उन्हातून सुटला,
म्हणून, म्हणून,
दोनशे बारा.
अकरा सेकंद लागले.

तुला कसं कळलं?
"कळलं कुठे? भूक लागली होती."

खिडकीबाहेर नांगर टाकून थांबलेल्या जहाजांचे दिवे,
आधी कोण आत येणार ते कोणालाच माहीत नसलेले.
मला आनंद व्हायला हवा होता.
पण उद्या यादी नवी, अटी नव्या,
उद्या हाच आचारी मला बुडवेल.
आणि आजचा हा प्रश्न खरंच सगळ्यात चांगला होता का,
हे तपासायला बसले
तर किती रमजान जातील, कोणास ठाऊक.

खलफान खजुराच्या बिया ओळीने मांडत जेवतो.
मी नोंदवहीत लिहिते:
पहिला प्रश्न, आचारी.
कारण, भूक. दुसऱ्याची.

सहाला कागद दाराला लावला.
सहा दहाला थापाचा मेहुणा आला,
हेल्मेट काखेत, नजर जमिनीवर.
"दीदी, एक सांगायचं राहिलं होतं."