एक नंबरची कॅसेट

येमुल म्हणतो, दहा लिही. नंबर टाकून लिही.
अशोक चौकातली टपरी,
शेंगाचटणीच्या पुडीचा कागद उलटा करून
मी लिहितोय
जन्मभर ऐकलेल्या कॅसेटींचा निकाल.

दहाव्यावर भांडण नाही.
बाळीवेशीतल्या बँडवाल्याची क्लॅरिनेट.
पदरच्या पैशानं काढली त्यानं, दोनशे प्रती.
एकशे ऐंशी त्याच्याच पलंगाखाली राहिल्या,
वीस आमच्या पेठेत फिरल्या.
कव्हरवर फोटो त्याचा नाही, बर्फाच्या डोंगराचा.

नववी, आठवी येमुलच्या. तेलुगू.
मला अर्थ लागत नाही, तो सांगत नाही.
'अर्थाचं काय करतो बे, ठेका बघ की.'

सातव्याला हत्तुरे मास्तर तांबडे झाले.
'वचनांची कॅसेट सातवी? देवाला नंबर देतोस काय?'
देत नाही म्हणालो, खोडतो.
तर म्हणाले, खोडू नको,
तिसरी कर.

खरं सांगू का,
यातली एकही आम्ही धड ऐकलेली नाही.

सोळा माग एका पत्र्याखाली.
टेप खिडकीच्या कट्ट्यावर, सहा मोठ्या सेलवर,
कारण प्लगच्या विजेचं बिल मालकाला दिसायचं.
धोटे धावत असले की गाणं म्हणजे
काचेमागं फिरणारी नुसती दोन चाकं.
आम्ही गाणी बघायचो.
डावं चाक बारीक झालं की कुणीतरी उठून
बाजू पालटायचं.

मग लाईट जायची.
पट्टे दोन-चार वळसे घेऊन थांबायचे,
कानातला खडखडाट त्यानंतरही थोडा चालायचा
आणि त्याच्या आतून गाणं वर यायचं,
कुठल्यातरी ओळीच्या कमरेपासून.
कधी दहा मिनिटं. कधी एवढंच, की
'तुझ्या' ऐकू यावं
आणि तुझं काय, ते सोळा मागांनी गिळावं.

त्या ओळी आम्ही घरी नेऊन पुऱ्या केल्या.
येमुलनं येमुलसारख्या, मी माझ्यासारख्या.
नंबरांवरून आज जी भांडणं होतात
ती तिथली आहेत.

एक नंबरची तेवढी पुरी ऐकली.
मेहबूब नदाफनं विजापूर वेशीतून आणलेली,
बिनकव्हरची, एका बाईच्या गझला.
मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर जळाला त्या दुपारी
तीन तास, दोन्ही बाजू,
घामेजलेल्या पाठी भिंतीला लावून.
शेवटाकडं सेल उतरले.
बाईचा आवाज जड झाला, पुरुषाचा झाला,
मग विहिरीतून आल्यासारखा,
मग नाही.
असं गाणं कुणी म्हटलं नसेल, मेहबूब म्हणाला.

परवा येमुलच्या पुतण्यानं मोबाईलवर ती काढून दिली.
टपरीवर चौघं वाकून ऐकलं.
बाईला घाई झालेली.
शेवटचा शेर आला, सरळ आला, संपला.
मेहबूब म्हणाला, ही ती नाही.
पुतण्या म्हणाला, चाचा, हीच आहे.
चहा निवला.

मघाशी राजेश्वरी गुंडेटी आली, नातवाला बिस्किटं घ्यायला.
आमच्या कारखान्यात ती कांड्या भरायची.
कागद वाचला तिनं, चष्मा वर करून, वरून खाली.
'लाईट गेली की तुम्ही गाणी ऐकली.
मी कांड्या मोजल्या, किती बुडाल्या त्या.
हे कुठल्या नंबरला लिहिलंय?'

कुणी बोललं नाही.
मास्तरांनी बशी पुसली.

दोन पावलं गेली, वळली.
'ती पिपाणी मात्र वर घ्या.
मागाच्या आवाजातबी तेवढीच
ऐकू यायची मला.'

मी दहा खोडलं. वर एक लिहायला गेलो
तर तिथं चटणीचं तेल उतरलेलं,
पेन धरेना.
गिरवतोय. येमुल म्हणतो, जोर दे बे.