डावं वळण

सुरुवात पाखरापासून झाली, मुलांपासून नाही.
मिनेसोटा, एकोणीसशे सत्तावन्न. मी विशीतली,
प्रयोगशाळेच्या पाचव्या मजल्यावर, तासाला नव्वद सेंट,
आणि समोर एक्केचाळीस नंबरचं कबुतर,
मुद्दाम अर्धपोटी ठेवलेलं.
भूक बेतानं घालावी लागते, प्रोफेसर म्हणायचे,
मिठासारखी.

मान जराशी डावीकडे झाली की बटण. खटका. दाणा.
आणखी जरा. खटका. दाणा.
वीस मिनिटांत ते स्वतःभोवती पुरी गिरकी घेऊ लागलं
आणि मी आईला पत्र लिहिलं:
आज मी एका जिवाला वळण लावलं.
छडी नाही, दटावणी नाही, आवाजसुद्धा चढवला नाही.

(मी शिकले त्या शाळेत पट्टी बोटांच्या पेरांवर बसायची,
आडवी नाही, कडेनं.
म्हणून हे मला दयेसारखं वाटलं.
अजूनही थोडं वाटतं.)

मग लोखंडाच्या खाणींचं गाव, तिसरीचा वर्ग,
एकोणतीस मुलं, खिडकीच्या काचांवर लाल धूळ.
शिकवणाऱ्या लाकडी पेट्या आल्या: फटीतून प्रश्न दिसतो,
उत्तर बरोबर असेल तर मूठ फिरते,
चुकलं की अडते.
आणि माझ्या स्वेटरच्या खिशात निळ्या चकत्या.
गप्प बसला, चकती. रांगेत राहिला, चकती.
दहांना एक पेन्सिल, पंचविसांना खिडकीजवळची जागा.
मिलेना झुपाननं नाताळपर्यंत एकशे बारा जमवल्या,
एकही मोडली नाही.
रात्री उशीखाली घेऊन झोपते, तिची आई सांगायला आली.
हसत नव्हती.

रेनो लाहती डावखुरा.
त्याचा बापही, खाणीतल्या अजस्र फावड्यावर बसणारा.
मी कधी टोकलं नाही. फक्त
पेन्सिल उजव्या हातात दिसली
की चकती.
अकरा आठवडे. तो आलेख आहे अजून माझ्याकडे,
चढत गेलेली रेघ, कुठे खाडाखोड नाही.
शेवटी त्याच्या अक्षराचं वळण
थेट माझ्यासारखं झालं
आणि मी ते मुख्याध्यापकांना दाखवायला नेलं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी हात वर. डावा.
"मिस हेल्गेसन, रात्री तळ्यावरचा बर्फ ओरडतो,
तो का?"
पेटीत त्या प्रश्नाला फट नव्हती.
आणि मी काही ठरवायच्या आत
माझा हात खिशात गेलेला.
खटका ऐकू आला नाही, एवढाच काय तो फरक.

त्यानं चकती घेतली, उलटसुलट पाहिली,
बाकावर ठेवली.
"ही झाली चकती," तो म्हणाला. "आणि उत्तर?"

मला येत नव्हतं.
तसं मी वर्गाला सांगितलं की नाही, आठवत नाही.
सांगितलं असावं, असं वाटून घेते.
एवढं नक्की आठवतं की मिलेना मान वळवून बघत होती,
त्याच्याकडे नाही,
चकतीकडे.

एक गोष्ट आईला कधी लिहिली नाही.
प्रयोग संपल्यावर एक्केचाळीस नंबर मी मागून घेतलं,
गच्चीवर नेलं, पिंजऱ्याचं दार उघडलं.
ते कठड्यावर चढलं.
खाली नदी, दोन पूल, पिठाच्या गिरण्या,
आणि वर आभाळ, कुणीही न मोजलेलं.
त्यानं डावीकडे एक पुरी गिरकी घेतली
आणि माझ्या हाताकडे बघत थांबलं.

हात रिकामा होता.
त्यानं परत गिरकी घेतली.

माझी सव्वापाचची बस होती.