प्रतवारी

सांगलीच्या यार्डात सौद्याला अजून अर्धा तास आहे.
अक्काताई ऐनापुरे ढिगातून एक हळकुंड उचलते,
कानाशी नेऊन मोडते.
खट्ट. भांड्यासारखं वाजलं तर वाळलेलं.
आतला रंग बघते, बोलत काहीच नाही,
हात तेवढे टाकत राहतात:
हे लगडीत, हा गड्डा, ही कणी.

मी तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं, इथून दोन स्टॉपवर.
दर जुलैत फळ्यावर लिहायचे, कॅटेगरी,
आणि खाली मराठीत, पदार्थ.
मागच्या बाकावरून हमखास यायचं,
"बाई, गोड की तिखट?"
हसू द्यायचे. मग सांगायचे,
पदाचा अर्थ तो पदार्थ.
शब्द उच्चारला की त्याच्या पलीकडे जे उभं असतं, ते.

ग्रीकांचा शब्द एवढा सोज्वळ नाही.
त्याच्या पोटात बाजार आहे.
आगोरा: भाजी, मासळी, सभा, भांडणं, सगळं एकाच चौकात;
आणि काता, म्हणजे विरुद्ध.
चारचौघांत कुणावर तरी बोट रोखून बोलणं.
फिर्याद. आपल्याकडचं चव्हाट्यावर आणणं.
पुढे तत्त्वज्ञांनी त्याला कोर्टातून सोडवला,
आरोपीच्या जागी वस्तू उभी केली
आणि विचारलं, हिच्याविषयी काय काय म्हणता येईल?
किती, कशी, कुठे, केव्हा.

एवढं शिकवलं. एक गोष्ट वर्गात कधी काढली नाही.

अठ्ठ्याहत्तर साल, प्रवेशाची खिडकी.
अर्ज न उलगडताच कारकुनाने विचारलं, "कॅटेगरी?"
त्याच्या मनात काही नसावं. गर्दी होती, पंखा बंद होता.
पण मागची रांग गप्प झाली
आणि तिचे सगळे कान माझ्या पाठीला चिकटले.
मी सांगितलं. हळू.
"ऐकू येत नाही. जोरात बोला."

तेव्हा मला ग्रीकचं अक्षरही येत नव्हतं.
व्युत्पत्ती मात्र कळली होती,
मानेपासून टाचेपर्यंत.

आज का कोण जाणे, हे अक्काताईला सांगून टाकलं.
खिडकीचं नाही. फक्त शब्दाचं.
तिने पिवळ्या मनगटाने कपाळ पुसलं.
"आरोप? मग हळदीनं काय गुन्हा केलाय म्हणायचा?"

घंटा झाली. अडते, खरेदीदार, वह्या, गलका.
तिच्या मुठीत एक हळकुंड तसंच राहिलेलं,
न मोडलेलं.
ते तिने पदराच्या टोकाला बांधलं,
रात्रीच्या आमटीला.