शेपटाचं चाक

उतरणं चांगलंच झालं होतं, हे आधी लिहून ठेवते.
तिन्ही चाकं एकदम टेकली,
उन्हातून आलेली म्हैस डोहात बसावी तशी.
धाराशिवची धावपट्टी, चैत्रातले साडेनऊ,
कडेला काढणी झालेलं हरभऱ्याचं रान,
आणि एक टिटवी, जिचं घरटं मुरुमात होतं
आणि जिला आमचा कुणाचाच भरवसा नव्हता.

मी श्वास सोडला.
एवढंच.

काझी सर पहिल्या दिवसापासून सांगत आले होते :
नाकाखाली चाक असलेली विमानं सरळ स्वभावाची असतात.
ह्याचं वजन मागं आहे. हे रुसतं.
दावणीला बांधेपर्यंत उडतंच आहे, असं समजून वाग.
वैजनाथमामांनी, ग्रीसचे हात पुसत,
तेच माझ्या भाषेत सांगितलं होतं :
उतारावर बैलगाडी मागं रेटून बघ, बाई.
धुरी जरा एका अंगाला गेली
की मग ती तुझं ऐकत नसती.
ती वजनाचं ऐकती.

डावीकडून वारं आलं. फार नव्हतं.
वाळत घातलेली चादर जराशी फुगावी इतपत.
नाक डावीकडं बघू लागलं
कुणी हाक मारल्यासारखं.
मी उजवा पाय दाबला. उशीर.
मी उजवा पाय पूर्ण दाबला. त्याहून उशीर.
उशिरालाही पायऱ्या असतात,
त्या मी तीन सेकंदांत उतरले.
मग शेपूट मला ओलांडून पुढं गेलं.

रान, वाऱ्याचा मोजा, पाण्याची टाकी,
काझी सरांची पांढरी टोपी,
पुन्हा रान,
आणि उजवा पंख खाली झुकून
मुरुमावर घासत गेला,
पाटीवर तुटकी पेन्सिल ओढावी तसा.

थांबलो तेव्हा आमचं तोंड
आलो त्या दिशेला होतं.
पंखा थांबला होता. धूळ सावकाश आली,
काचेवर बसली.
टिटवी अजून ओरडत होती.
(अंडी शाबूत. नंतर जाऊन बघितली.
चाकाच्या खुणेपासून हातभर.)

काझी सर चालत आले, पळत नाही.
पंखाकडं बघितलंसुद्धा नाही.
"पाय कुठं होते, बेटा?"

काय सांगू.
पाय केव्हाच उतरून
शेडकडं निघाले होते,
बाकावर बसून चहा सांगितला होता त्यांनी,
घरी फोन लावायला घेतला होता, की झालं, जमलं.
विमान अजून पळत होतं
आणि त्यात पाय नसलेली एक मुलगी.

"उतरले होते, सर. माझ्याआधी."

ते हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं.
वैजनाथमामा पंखाच्या टोकाचं कापड
बोटांनी चाचपत होते.
"शिवता येतंय. दोन वीत."

संध्याकाळी त्यांनी ते बांधलं,
दोन दोर पंखांना, एक शेपटाला.
मी बाकावर होते. खरोखरचा चहा हातात.
वारं उठलं. दोर ताणले,
सुकाणू एकदा हललं, टक्,
आणि जमिनीवरच्या माझ्या उजव्या पायानं
आपणहून चप्पल दाबली.