वन्स मोअर

गुरुवारी बसते मॅडम, ग्रामीण रुग्णालयात,
लसींच्या फ्रीजच्या खोलीत.
फ्रीज मधेच घरघरतो, मधेच गप्प होतो,
आमच्या पेटीवाल्यासारखा.
कुमरे मॅडम. चामोर्शीकडची. वय माझ्या पोरीएवढं.
म्हणाली, बसा. सांगा.

मी सांगितलं ते सगळं हसायचं होतं.
सासऱ्याची म्हैस, सरपंचाची चप्पल,
वडशावरून टेम्पो निघाला की
हिरॉइनच्या पेटीवर बसून झोपणारा प्रॉम्प्टर रुषी.
पन्नास गावांत चाललेला माल, जी.
एकही पडलेला नाही.

मॅडम हसली नाही.
तोंड वाकडंही केलं नाही.
नुसती बसली, धुऱ्यावर बसतात तशी,
पाणी कोणत्या बांधीत उतरतंय ते बघत.

तीस वर्षांत माझ्यासमोर इतका वेळ
कोणी न हसता बसलं नव्हतं.
बायको सोडून.

दुसऱ्या गुरुवारी गेलो तो तिला हसवायलाच.
तिसऱ्या गुरुवारी लाइन गेली, फ्रीज बंद पडला,
खोलीत आवाज करायला दुसरं कोणी उरलं नाही
म्हणून मी बोललो.

पळसगावच्या शंकरपटाची रात्र.
तणसावर तीन हजार माणूस, मफलर, घोंगड्या,
मांडीवर पेंगलेली पोरं.
दुसरा अंक, माझी एंट्री,
आणि छातीत कोणीतरी पडदा ओढला.
हात गार. श्वास आत येईना.
मी गळा धरला, गुडघ्यांवर आलो,
दिव्यांकडे बघून म्हणालो,
"मले पानी द्या बाप्पा, मी मरून रायलो."

हे नाटकात नव्हतं.

माणसं अशी हसली
की मागचा तट्टा हलला.
वन्स मोअर, म्हणाली.
मला वाटलं, मेलो,
आणि मेल्यावरही वन्स मोअर आहे.

सकाळी चहावर मालक म्हणाला,
डोमाभाऊ, ते पान्याचं ठेवजा. भल्लं चाललं.
ठेवलं.
दिवाळी ते होळी, एकशे दहा प्रयोग,
रोज रात्री दीडच्या सुमाराला मी मरतो,
कधी खोटा, कधी खरा,
आणि आज कोणता, हे मला
विंगेतून कोणी सांगत नाही.

मॅडमनं वहीत काही लिहिलं नाही.
विचारलं,
"आन् त्या रात्री पानी कोनं देल्लं?"

कोणीच नाही, म्हणालो.
मग म्हणालो, थांबा.

विंगेतून एक हात आला होता.
स्टीलचा तांब्या, निम्मा सांडलेला.
रुषी.
तीन हजारांत तो एकटाच, ज्याच्या मांडीवर वही होती.
त्यालाच ठाऊक होतं, हे वाक्य लिहिलेलं नाही.

आणि मी तो तांब्या पिऊन
त्यावरही एक हशा घेतला होता.

परवा सावरगावला प्रयोग होता.
दीड वाजला. गळा धरला, गुडघ्यांवर आलो.
मॅडम म्हणते, पाय कुठे आहेत ते आधी बघा.
बघितलं.
पायाखाली फळी, फळीखाली ड्रम,
ड्रमखाली कापलेल्या धानाची खुंटं, ओली.
मग विंगेत बघितलं.
रुषी जागा होता. वही मिटलेली, तांब्या हातात.
भुवई वर करून त्यानं विचारलं.

मी भुवईनंच म्हणालो,
बस खाली. आज नाटकातलं हाय.